पडद्यावाचून संगणक



अंध माणसाला व्याख्यानासाठी उभे करावे, यात नवल काही नाही. बोलावयास डोळे लागत नाहीत. परंतु त्याने संगणकावर बोलावे, आणि तेही पडदा न जोडता नवा संगणक कसा सुरू करावा या विषयावर, हे पत्रिकेत वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. मंडपात शिरताना एक वाक्य आमच्या कानांवर आलेच. कोणी गृहस्थ शेजाऱ्याला म्हणत होते, "अहो, यांना दिसत नाही, मग कॉम्प्युटरचं यांना कळतं तरी कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो त्यांनी आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने विचारला याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आजचे सगळे व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम या व्याख्यानमालेकडेच पाहू. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण गावोगाव झाले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे येतात, बसतात, ऐकतात आणि ऐकून शहाणी होतात. येथे बघण्यासारखे असे असते तरी काय? एक टेबल, एक तांब्या-भांडे आणि आमच्यासारखा एखादा वक्ता, ज्याच्याकडे न पाहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ज्ञानी माणसाला आपल्या भाषेत शब्दच मुळी 'बहुश्रुत' असा आहे. 'बहुदृष्ट' असा शब्द कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कानाने आलेले ज्ञान हलक्या प्रतीचे, असे आपल्या पूर्वजांना कधी वाटले नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण असे धरून चाललो आहोत की, पडदा म्हणजेच संगणक. आमचा पहिला मुद्दा हा, की ही समजूत खोटी आहे.

संगणक पडदा घेऊन जन्माला आला नाही. १९६० च्या दशकात त्याच्याशी संभाषण करण्याचे एक नेहमीचे साधन म्हणजे टेलिटाइप. तारऑफिसातल्यासारखे खडखडणारे टंकलेखनयंत्र. १९६३ साली निघालेले त्याचे 'मॉडेल ३३' सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवीत असे. माणसाने प्रश्न टंकावा आणि यंत्राने त्याच कागदाच्या गुंडाळीवर उत्तर छापावे, असा तो व्यवहार. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली आकाराला येऊ लागली, ती अशाच यंत्रांवर. आजदेखील लिनक्सच्या पोटात, माणूस जेथून हुकूम देतो त्या जागेला 'टीटीवाय' असे नाव आहे. ते टेलिटाइपचेच लघुरूप. अक्षरामागून अक्षर, ओळीमागून ओळ, हा त्या संभाषणाचा रिवाज होता, आणि ओळीमागून ओळ घेणे हे कानाला आणि बोटाला उत्तम जमते. अमेरिकेत अंध माणसे प्रोग्रॅमर म्हणून नोकरीला लागली, ती त्याच दशकात.

पुढे पडदा आला आणि त्यावर चित्रे आली. १९८४ साली मॅकिंटॉश आला, १९९० साली विंडोजची तिसरी आवृत्ती आली, आणि हुकूम लिहिण्याऐवजी चित्राकडे बाण नेऊन टिचकी मारण्याचा प्रघात पडला. डोळसांना संगणक सोपा झाला, त्याच क्षणी तो आम्हाला अवघड झाला. तरी माणसे हार मानून बसली नाहीत. टेड हेंटर या अमेरिकन गृहस्थांची दृष्टी १९७८ साली मोटार-अपघातात गेली. त्यांनी पुढे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा 'जॉज' हा कार्यक्रम तयार केला. तो १९८९ साली बाजारात आला. अशा कार्यक्रमाला स्क्रीन रीडर म्हणतात. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि तो सर्वांना विनामूल्य देऊन टाकला. आज आपल्याकडील कित्येक अंध विद्यार्थी त्याच्याच जोरावर अभ्यास करतात.

हे स्क्रीन रीडर पडद्याकडे टक लावून पाहतात आणि वाचतात, अशी एक कल्पना आहे. तसे नाही. ते त्या त्या कार्यक्रमाला विचारतात, "आता तुझे लक्ष कशावर आहे? ते बटन आहे की रिकामी चौकट? त्याचे नाव काय?" कार्यक्रम लिहिणाऱ्याने नाव दिलेले असेल तर उत्तर मिळते, "बटन, पुढे चला." नाव दिलेले नसेल तर नुसतेच, "बटन." असली दहा बिननावाची बटने एका रांगेत आली म्हणजे आमची स्थिती, दारांवर पाट्या नसलेल्या कचेरीत शिरलेल्या माणसासारखी होते. पण पाट्या असतील तर काम झपाट्याने चालते. सरावलेला अंध माणूस मिनिटाला तीनशे शब्दांच्या वेगाने ऐकतो. डोळस माणसाला तो नुसता कलकलाट वाटतो. ज्यांना ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी ब्रेल पट्टी असते. तिच्यातील बारीक खुंट्या वरखाली होऊन बोटाखाली अक्षरे उमटतात, आणि ओळ वाचून झाली की त्याच जागी दुसरी उमटते.

मग अडचण कोठे राहिली? श्रोतेहो, अडचण पहिल्या अर्ध्या तासात आहे. ती सांगण्यासाठी आम्हाला थोडे घरचे सांगावे लागेल.

२०१४ साली आम्ही नवा संगणक घ्यावयाचे ठरवले. भाच्याला बरोबर घेऊन एका दुकानात गेलो. तेथील विक्रेत्याने आमच्या हातातील पांढरी काठी पाहिली आणि भाच्याला विचारले, "यांना कशाला लागतो कॉम्प्युटर?" भाचा म्हणाला, "मला ठाऊक नाही. त्यांनाच विचारा." या उत्तराबद्दल त्याला आम्ही शंभरपैकी शंभर गुण दिले. परंतु घरी आल्यावर त्याचे काही गुण कापावे लागले. खोके उघडून यंत्र टेबलावर ठेवले आणि तो म्हणाला, "मामा, तू बस. मी पाच मिनिटांत करून देतो."

त्याने पाच मिनिटांतच करून दिले. यंत्राचे नाव काय ठेवावे, भाषा कोणती, कोणकोणत्या अटी मान्य आहेत, आपली माहिती बाहेर पाठवावी किंवा कसे, पासवर्ड काय असावा, या सगळ्या प्रश्नांना त्याने भराभर उत्तरे दिली, स्क्रीन रीडर घातला, आणि तो रात्रीच्या गाडीने नाशिकला निघून गेला. यंत्र बोलू लागले, कामही सुरू झाले. परंतु आठ दिवसांनी त्याने काही कारणाने पासवर्ड मागितला. आम्ही नाशिकला फोन केला. पासवर्ड म्हणजे भाच्याची स्वतःची जन्मतारीख होती! मग लक्षात आले की, कोणत्या गोष्टीला आमच्या नावाने 'होय' म्हटले गेले आणि कोणत्या गोष्टीला 'नाही', याचा आम्हाला पत्ताच नाही. पैसे आम्ही मोजले, यंत्र आमच्या टेबलावर, आणि त्याचा मालक नाशिकात राहतो, असा तो प्रकार होता.

भाच्यावर आमचा राग नाही. त्याने प्रेमाने केले. परंतु विचार करा, आपण नवे कुलूप आणले आणि शेजाऱ्याने म्हटले, "किल्ली मीच ठेवतो, तुम्हाला कशाला त्रास," तर आपण काय म्हणू? संगणकाची पहिली मांडणी म्हणजे कुलूप बसवून किल्ल्या करणे आहे. आज त्या कुलपाआड आपली पत्रे असतात, बँकेचे व्यवहार असतात, औषधांचे कागद असतात. पुढची दहा वर्षे यंत्र अखंड बोलत राहिले, तरी तो पहिला अर्धा तास ते मुके असेल, तर त्या अर्ध्या तासात मालकी दुसऱ्याच्या हातात जाते. आमच्या भाषणाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे: यंत्राने अंध माणसाशी पहिल्या क्षणापासून बोलले पाहिजे. नंतर बोलणे पुरेसे नाही.

आता या बाबतीत काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ॲपलच्या मॅकमध्ये २००५ सालापासून व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर मुळातच घातलेला असतो. नवा मॅक उघडून काही न करता थोडे थांबले, तर यंत्र आपण होऊन बोलते आणि स्क्रीन रीडर सुरू करावयाचा का, असे विचारते. विंडोजमध्ये २००० सालापासून नॅरेटर आहे. विंडोजच्या दहाव्या आणि अकराव्या आवृत्तीत, पहिल्या मांडणीच्या वेळी कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या की तो बोलू लागतो. डेबियन ही लिनक्सची एक फुकट मिळणारी आवृत्ती आहे. ती यंत्रावर घालताना पहिला तक्ता आला की 'टी' असा बारीक आवाज होतो. तो ऐकून 'एस' ही कळ आणि मग एंटर दाबले, की पुढची सारी प्रश्नोत्तरे बोलून होतात. ब्रेल पट्टी जोडलेली असेल तर ती बोटांखाली होतात. ही सारी दारे चांगली आहेत. २०१४ साली आम्हाला ती माहीत असती, तर भाच्याने आमच्याकडे फक्त चहा घेतला असता.

परंतु या दारांच्याही अलीकडे एक अंगण आहे, आणि तेथे अजून काळोख आहे. कळ दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स जागे होईपर्यंत यंत्रात एक कारभारी काम करीत असतो. पूर्वी त्याला बायॉस म्हणत. आता त्याच्या जागी यूईएफआय आला आहे. कोणत्या डिस्कवरून सुरुवात करावयाची, हे तो ठरवतो. त्याला काही सांगावयाचे तर त्याचे स्वतःचे तक्ते उघडावे लागतात, आणि घरगुती यंत्रांतील हा कारभारी सामान्यतः मुका असतो. आमच्यातील काही मंडळी कळा मोजून काम भागवतात: अमुक कळ, मग चार वेळा खाली, मग एंटर. पण प्रत्येक यंत्रात हा हिशेब निराळा. काही जण फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून दूरच्या डोळस माणसाला विचारतात. हान्स योर्गेन वीबर्ग या दृष्टी अधू असलेल्या डॅनिश गृहस्थांच्या कल्पनेतून २०१५ साली 'बी माय आइज' ही सोय निघाली, तिचा या कामी मोठा उपयोग होतो. हे सगळे ठीक आहे. पण घरात शिरण्यासाठी रोज शेजाऱ्याच्या गच्चीवरून उडी मारावी लागत असेल, तर त्याला कोणी दार म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, हे तांत्रिकदृष्ट्या अशक्यच असेल. मौज अशी की, ते अशक्य नाही. मोठमोठ्या कंपन्यांत शेकडो यंत्रे कपाटांतून रचून ठेवलेली असतात. त्या प्रत्येकाला पडदा जोडणे डोळस अभियंत्यांनाही परवडत नाही. म्हणून त्या यंत्रांतील कारभाऱ्याला आपले तक्ते अक्षररूपाने तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवावयास शिकवले आहे. दुसरा संगणक बोलणारा असेल, तर तेच तक्ते अंध माणूसही ऐकू शकतो. म्हणजे पडदा नसल्याची अडचण जेव्हा डोळस माणसाला आली, तेव्हा उपाय निघाला. पडद्यावाचून चालणाऱ्या अशा यंत्राला इंग्रजीत 'हेडलेस' म्हणतात. मराठीत शब्दशः सांगावयाचे तर 'बिनडोक'. पडद्यालाच डोके समजणाऱ्यांनी ठेवलेले हे नाव आहे. परंतु आपण फोनवरून जे पाहता-ऐकता, त्यातील बहुतेक सगळे अशा बिनडोक यंत्रांकडूनच येत असते.

हा डोळसांनी स्वतःच्या सोयीसाठी बांधलेला रस्ता आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच रस्त्याने गेलो. ती हकीकत आता सांगतो.

आमच्या मातोश्रींनी आमच्या कॉलेजच्या दिवसांत आमची पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून कॅसेटींवर भरून ठेवली होती. ती ब्रेलमध्ये मिळत नव्हती, म्हणून रोज दुपारी स्वयंपाकघरातले काम आटोपले की त्या वाचीत. त्या फिती जीर्ण होऊ लागल्या, तेव्हा एका स्नेह्याने त्यांतील आवाज हार्ड डिस्कवर उतरवून दिला. आम्हाला असे हवे होते की, ती डिस्क एका लहानशा संगणकाला जोडावी आणि घरात कोठेही बसून फोनवरून ऐकता यावी. हे काम मात्र आम्ही ठरवले की दुसऱ्याच्या हातून करून घ्यावयाचे नाही.

त्यासाठी आम्ही रास्पबेरी पाय घेतला. हा इंग्लंडमध्ये २०१२ साली निघालेला, बँकेच्या कार्डाएवढ्या पाटीवरचा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. हवे असल्यास ज्याचे त्याने जोडावे. आम्ही जोडले नाही. त्याची डिस्क म्हणजे नखाएवढे मेमरी कार्ड, आणि या यंत्राची सगळी खुबी तेथेच आहे. ते कार्ड काढून आपल्या जुन्या, बोलणाऱ्या संगणकात घालता येते, आणि नव्या यंत्राला जे प्रश्न पडणार त्यांची उत्तरे अगोदरच त्यावर लिहून ठेवता येतात: यंत्राचे नाव, आपले नाव, पासवर्ड, घरच्या वाय-फायचे नाव. पंगत बसण्यापूर्वी पाने वाढून ठेवावीत, तसे.

आणखी एक गोष्ट त्या कार्डावर लिहावी लागते. दुसऱ्या संगणकावरून या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याचे एक दार आहे, त्याला एसएसएच म्हणतात. टाटू इलोनेन या फिनलंडच्या गृहस्थांनी ते १९९५ साली तयार केले. २०१६ च्या नोव्हेंबरपासून, चोरांच्या भीतीने, रास्पबेरी पायवर हे दार मुळात बंद ठेवले जाते. ते उघडावे म्हणून एक गमतीची सोय तेव्हा ठेवण्यात आली: कार्डावर 'एसएसएच' या नावाची एक फाइल ठेवावी, आत काही लिहू नये. कोरे पत्र, पण पाकिटावरचे नाव पाहून दार उघडते. आता कार्ड तयार करून देणारा कार्यक्रमच हे सारे विचारून घेतो.

कार्ड घातले, वीज लावली. आता यंत्र जागे झाले की नाही, हे कसे कळावे? त्यावर एक बारीक दिवा लुकलुकतो म्हणतात. आम्हाला त्याचा उपयोग नाही. आम्ही पाटीवर बोट ठेवले. ती कोमट होती. जिवंतपणाची तेवढी खूण पुरे मानून तीन मिनिटे थांबलो, आणि जुन्या संगणकावरून त्याला नावाने हाक मारली. उत्तर आले की, या नावाचा यजमान सापडत नाही. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. खरे सांगतो, त्या क्षणी नाशिकला फोन करावा असे फार वाटले.

फोन केला नाही. विचार केला की, यंत्र कोमट आहे म्हणजे वीज आहे. हाक पोचत नाही म्हणजे रस्ता चुकला आहे. वाय-फाय सोडून दिले आणि राउटरपासून यंत्रापर्यंत सरळ तार जोडली. या खेपेस हाकेला ओ आली. म्हणजे यंत्र ठाकठीक होते. चूक वाय-फायच्या पासवर्डात, आणि ती आमचीच होती. तो लिहिताना स्क्रीन रीडर गुप्ततेसाठी प्रत्येक अक्षराला नुसते "स्टार, स्टार, स्टार" म्हणतो. त्यात एक अक्षर निसटले होते. मग एसएसएचच्या दारावर गेलो. ते प्रथम विचारते, या यंत्रावर भरवसा ठेवता का? 'येस' असा पुरा शब्द लिहावा लागतो. मग ते पासवर्ड मागते, आणि येथे एक न्याय आहे: तुम्ही पासवर्ड लिहीत असता तेव्हा पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. त्या एका ओळीपुरते डोळस आणि अंध अगदी सारखे. एंटर दाबले, आणि जुन्या संगणकाने नव्या संगणकाचे नाव, आम्ही ठेवलेले नाव, मोठ्याने वाचले.

वाय-फायचा पासवर्ड दुरुस्त केला, डिस्क जोडली, पुढच्या दोन संध्याकाळी बाकीचे काम पुरे केले. तिसऱ्या दिवशी दुपारी आरामखुर्चीत बसून फोनवर पहिली फीत लावली. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते. मागणी आणि पुरवठा चालले होते, मध्येच कुकरची शिट्टी झाली, आणि मातोश्री म्हणाल्या, "थांब हं जरा." मग बराच वेळ नुसती खरखर, आणि पुन्हा मागणी आणि पुरवठा. ती खरखर आम्ही पुढे सरकवली नाही.

या कामात आम्ही काही पराक्रम केला, असे सांगण्याचा हेतू नाही. हे सारे आम्हाला जमले, कारण संभाषण अक्षरांचे होते आणि प्रत्येक पायरीला आमच्यापाशी एक बोलणारे यंत्र होते. ज्याच्यापाशी पहिलेच यंत्र नाही, त्या खेड्यातल्या अंध मुलाने काय करावे? त्याला दुसऱ्या संगणकाचा आधार नाही. त्याचा पहिला संगणकच पहिल्या क्षणी बोलला पाहिजे. आणि येथे लहानसहान गोष्टींची किंमत मोठी असते. त्याच रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीत, २०२३ साली, हेडफोन लावण्याचे छिद्र काढून टाकण्यात आले. यूएसबीवर आवाजाचे वेगळे उपकरण लावून काम भागते, हे खरे; परंतु ज्याचा कान हाच डोळा आहे त्याला ते उपकरण वेगळे विकत आणावे लागते, आणि ते आणीपर्यंत यंत्र मुके राहते. मराठीचेही तसेच आहे. 'ईस्पीक' या फुकट मिळणाऱ्या वाचेत मराठी आहे, आणि ती नसण्यापेक्षा शतपटीने बरी. पण तिचे उच्चार ऐकून नव्याने शिकणारे मूल दचकते. गोड, स्वच्छ मराठी वाचा मूळ यंत्रातच असावी, ही मागणी आपण मराठी माणसांनी नाही करावयाची तर कोणी?

कायदा आपल्या बाजूला आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात माहिती आणि दळणवळणाची साधने सर्वांना वापरता यावीत यासाठी स्वतंत्र कलम आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. पण कायद्याचे पुस्तक काही दुकानात जाऊन संगणक विकत घेत नाही. ते आपण घेतो. येथे बसलेल्यांपैकी कोणी शाळेचे चालक असतील, कोणी कचेरीत खरेदी पाहत असतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, यंत्र घेताना एक प्रश्न विचारावा: "हे पडदा बंद ठेवून सुरू करून दाखवाल का?" दहा दुकानांत हा प्रश्न गेला, तर अकराव्या दुकानात उत्तर तयार असेल.

आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. लोक ती दळणाऱ्याला हसण्यासाठी वापरतात. आम्हाला लहानपणापासून एक शंका आहे: जाते उघड्या अंगणात मांडले कोणी? दळणाऱ्याच्या हातात दोष नव्हता. पीठ भरपूर निघत होते. दोष मांडणीत होता. मांडणाऱ्याने जाते चार हात अलीकडे, ओसरीत ठेवले असते, तर ही म्हण जन्मालाच आली नसती.

शेवटी, जे मदत करू इच्छितात त्यांना एक विनंती. कोणा अंध स्नेह्याचा नवा संगणक सुरू करून द्यावयाची वेळ आली, तर "तू बस, मी करतो," असे म्हणू नका. त्याला कळफलकापाशी बसवा आणि आपण शेजारी बसा. जेथे यंत्र मुके आहे तेथे ते काय म्हणते एवढे वाचून दाखवा. कळ त्याला दाबू द्या, आणि पासवर्डाच्या वेळी तोंड फिरवा. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल, पण किल्ली ज्याची त्याच्यापाशी राहील. आमच्या भाच्याला आम्ही हे सांगितले आहे, आणि हल्ली तो तोंड फिरवतो.

चालकांनी घंटा वाजवली आहे; ती मात्र आम्हाला चांगली ऐकू येते. मंडपात शिरताना ज्या गृहस्थांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांनी सभा संपल्यावर जरूर भेटावे. ते लहानसे यंत्र आम्ही खिशात घालून आणले आहे, सोबत बोलणारा संगणकही आहे. पडदा आणलेला नाही. त्यांनी पाच मिनिटे डोळे मिटून कळफलकावर बसावे. शेजारी बसून वाटल्यास आम्ही सांगू.